हैदराबादचे मास्तर, मुंबईचा नेव्हिल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीड जिल्ह्यातल्या आमच्या सिरसाळ्याचे राज्य बदलले. तोवर बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले आणि आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. परळीहून विकाराबादमार्गे हैदराबादला जाणारी रेल्वे होती तशीच राहिली, कागदांवरची मोहर मात्र बदलली.

बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला हा आशियातला पहिला संघ. त्याला घडवणारे प्रशिक्षक होते आमच्या जुन्या राजधानीतले शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम. तीन गोल करणारा आघाडीपटू नेव्हिल डिसूझा खेळायचा नव्या राजधानीत, मुंबईत. मराठवाड्याच्या इतिहासात १९५६ या सालाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ही जुळणी मला कुठे वाचायला मिळाली नाही. म्हणून भारतीय फुटबॉल संघाच्या पराक्रमाची ही हकिगत सिरसाळ्यातून सांगायला घेतली आहे.

आमच्याकडे फुटबॉल फारसा खेळला जात नाही, हे खरेच आहे. इथले खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि आता गल्लोगल्ली क्रिकेट. बीड जिल्ह्याने देशाला दिलेले मोठे खेळाडूही दुसऱ्या खेळांतले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रमामागून विक्रम मोडत गेला. केज तालुक्यातल्या कळंबअंब्याची प्रियंका इंगळे २०२५च्या जानेवारीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताची कर्णधार होती आणि अंतिम सामन्यात तिच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरवले. साबळेला घडवले लष्कराने. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला आणि नंतर धावू लागला. पगार देणारी संस्था आणि शिकवणारा माणूस या दोन गोष्टी जुळल्या की खेळाडू कसा उभा राहतो, हे त्याच्याकडे पाहून कळते. भारतीय फुटबॉलच्या सोनेरी काळाचा पायाही नेमका हाच होता. विक्रमांच्या तक्त्यात गोल करणाऱ्यांची नावे असतात, त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार कोण देत होते हे तक्ता सांगत नाही.

सुरुवात अनवाणी पायांपासून करावी लागते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा उतरला. कर्णधार होते पुढे डॉक्टर झालेले नागा खेळाडू तालिमेरेन आओ. समोर फ्रान्स. आपले बरेचसे खेळाडू बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून खेळले. सारंगपाणी रामन यांनी भारताचा ऑलिंपिकमधला पहिला गोल केला. दोन पेनल्टी वाया गेल्या, फ्रान्सने अगदी शेवटी दुसरा गोल केला आणि सामना १-२ने गेला. हरूनही त्या संघाचे इंग्लंडमध्ये कौतुकच झाले.

दोन वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषक होता. आपल्या गटातले इतर देश माघारले आणि भारताला आपोआप प्रवेश मिळाला, तरी संघ गेला नाही. अनवाणी खेळायला परवानगी नव्हती म्हणून आपण गेलो नाही, ही कथा अजून चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. ती खरी नाही. भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा सरावाला वेळ नसल्याचे आणि संघनिवडीतल्या मतभेदांचे कारण दिले होते. खरी गोष्ट अशी की त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकच सर्वस्व मानले जाई आणि विश्वचषकाची थोरवी कुणाच्या लक्षातच आली नव्हती. पुढे कर्णधार झालेले शैलेन मन्ना यांनीही नंतर हेच सांगितले. भारतीय फुटबॉलमधला हा निर्णय मला सर्वांत महागात पडलेला वाटतो, कारण तशी संधी पुन्हा आलीच नाही.

१९५०मध्येच रहीम राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्याविषयी जरा थांबून सांगितले पाहिजे.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९चा. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, पेशाने शिक्षक. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि चाळीसच्या दशकात हैदराबादच्या फुटबॉलचा कारभार हाती घेतला. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाताखाली आला. पोलीस खात्यात नोकरी, संध्याकाळी मैदान, रात्री बराकीत झोप, असे तिथले जीवन. खेळाडूच्या घरी चूल पेटण्याची चिंता मिटली होती आणि मास्तरांना तेवढेच हवे होते.

त्यांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी होती. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत खेळाडूला फक्त कमकुवत पायाने खेळायची मुभा असे. उजव्या पायाच्या मुलाने चेंडू डाव्यानेच मारायचा. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू पायात घोळवत नेण्यालाच बंदी होती. चेंडू आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. आता या दोन्ही स्पर्धा खेळलेला मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याचे दोन्ही पाय तयार आणि चेंडू मिळायच्या आधीच कुणाला द्यायचा हे त्याच्या डोक्यात पक्के. आपल्या माणसांची उंची आणि ताकद युरोपीयांपेक्षा कमी आहे, तेव्हा हवेतल्या चेंडूसाठी धडका घेण्यात अर्थ नाही, हे मास्तरांनी ओळखले होते. व्याख्यान न देता त्यांनी स्पर्धेचा नियमच असा केला की मुलांना दुसरा मार्ग उरू नये. चांगला शिक्षक यालाच म्हणतात.

सिकंदराबादच्या अम्मुगुडा भागातला तुलसीदास बलराम हा गरीब घरचा पोरगा. गुण दिसले, पण सरावाचे मैदान लांब आणि जायला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले, असे बलराम पुढे सांगत. तोच मुलगा दोन ऑलिंपिक खेळला आणि १९६२च्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला.

या पोलीस संघाचा पराक्रम मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक भरत असे. १८९१मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे हा चषक जिंकला. एक संघ दरवर्षी दख्खनहून मुंबईत येतो आणि चषक उचलून परत जातो, असे पाच वर्षे चालले. त्या वेळी बीडचा माणूस मुंबईच्या प्रेक्षकांत असता तर त्याने टाळ्या हैदराबादसाठीच वाजवल्या असत्या, कारण त्याच्या राज्याचा संघ तोच होता.

१९५१च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. भारताने इंडोनेशियाला ३-० आणि अफगाणिस्तानला ३-० हरवले. अंतिम सामना इराणशी होता. इराणचे खेळाडू बूट घालून खेळत होते, आपले बहुतेक अनवाणी. साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलने भारत जिंकला आणि कर्णधार शैलेन मन्नांच्या संघाच्या गळ्यात सुवर्णपदक पडले. स्वतंत्र भारताच्या फुटबॉलचे हे पहिले सोने. तिन्ही सामन्यांत मेवालालच्या नावावर गोल आहेत.

आणि लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकीत पाय जमिनीवर आले. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. गारठलेले, ओले मैदान आणि अनवाणी पाय. त्या संघाने पुढे रौप्यपदक मिळवले, त्यामुळे समोरचा प्रतिस्पर्धी किती बलाढ्य होता हे कळते, तरी दहा गोल म्हणजे दहा गोल. परतल्यावर महासंघाने बूट सक्तीचे केले. पावसाळ्यात चिखलात अनवाणी खेळायची सवय असलेल्यांना ते जड गेले, पण त्यानंतर भारताचा फुटबॉल बदलला. १९५२ ते १९५५ या चार वर्षांत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्यात चौरंगी स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते होते, नंतरच्या तिन्ही वेळी एकटा भारत. मधल्या काळात १९५४च्या मनिला आशियाई स्पर्धेत मात्र गटातूनच बाहेर पडावे लागले, आणि १९५५मध्ये मॉस्कोत सोव्हिएत संघाने ११-१ असे हरवले. भारताचा सर्वांत मोठा पराभव आजही तोच आहे. सोनेरी काळ म्हणताना हे आकडे झाकून ठेवू नयेत, असे मला वाटते. संघ चढतो तो अशाच ठेचा खात.

आता मेलबर्न.

नेव्हिल डिसूझाचा जन्म १९३२चा, गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोव्यातली कितीतरी कुटुंबे रोजगारासाठी मुंबईत येत आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलही येई. डिसूझांच्या घरात फुटबॉल वंशपरंपरेसारखा होता, नेव्हिलचा भाऊ डेरेकही भारताकडून खेळला. मुंबईतल्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत. टाटा, कॅल्टेक्स, पश्चिम रेल्वे, पुढे मफतलाल आणि ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया ही नावे मुंबईच्या जुन्या फुटबॉलवेड्यांना घरच्या माणसांसारखी पाठ असतात. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या दोन्ही संघांकडून खेळला. कॅल्टेक्सने १९५८मध्ये रोव्हर्स चषक जिंकला.

मेलबर्नला गेलेल्या भारतीय संघात हैदराबादची फळी मोठी होती. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, अहमद हुसेन, बलराम. मुंबईतून नेव्हिल आणि गोलरक्षक एस. एस. नारायण, ज्यांना सगळे बाबू म्हणत. बंगालमधून कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी आणि वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतली आणि भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला.

तो सामना असा झाला. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. ४१व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. यजमानांचे मैदान, प्रेक्षक त्यांच्या बाजूचे. मध्यंतरानंतर पाच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल केला आणि ऑस्ट्रेलियाला त्याचे उत्तर सापडले नाही. ८०व्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून नेव्हिलचे नाव नोंदले गेले. तो आसगावात जन्मला होता, मुंबईत नोकरी करत होता आणि खेळत होता भारतासाठी. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. ५२व्या मिनिटाला नेव्हिलने भारताला आघाडी मिळवून दिली. ती दोनच मिनिटे टिकली, पण ती दोन मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर उभा होता. मग चार गोल झाले, त्यातला शेवटचा स्वयंगोल, आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-०ने हरवले. भारत चौथा. नेव्हिलच्या खात्यात चार गोल, स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत तो दोघा युरोपीय खेळाडूंबरोबर पहिला. परतण्यापूर्वी सिडनीत ऑस्ट्रेलियाशी मैत्रीपूर्ण सामना झाला आणि तो भारताने ७-१ असा जिंकला. ऑलिंपिकमधला विजय नशिबाचा होता असे ज्यांना वाटले असेल, त्यांना ते उत्तर होते.

रहीमसाहेबांनी तेव्हा खेळाडूंची जी मांडणी केली तिला नंतर ४-२-४ म्हणू लागले. चार मागे, दोन मध्यात, चार पुढे. त्या काळी प्रतिस्पर्ध्याचा मधला बचावपटू आपल्या मधल्या आघाडीपटूला चिकटून राही. आघाडीचाच एखादा खेळाडू मागे सरकला, तर बचावपटूपुढे पेच पडे: त्याच्या मागे जावे तर गोलसमोर खिंडार पडते, न जावे तर तो मोकळा सुटतो. हंगेरीने १९५३मध्ये याच युक्तीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असे लोळवले होते. १९५८मध्ये ब्राझीलने ४-२-४ खेळून विश्वचषक जिंकला आणि जगाने ती पद्धत डोक्यावर घेतली. हैदराबादचा शाळामास्तर त्याच वाटेवर होता.

१९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेत चौथे स्थान. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे गोल बलरामचे, फ्रान्सविरुद्धचा कर्णधार पी. के. बॅनर्जींचा. भारत ऑलिंपिक फुटबॉलमध्ये शेवटचा दिसला तो तिथेच.

आणि मग १९६२चे जकार्ता, ज्याच्यावर पुढे ‘मैदान’ हा हिंदी चित्रपटही आला. चित्रपटात बरेच काही असते, पण खरी हकिगत त्याहून कमी नाट्यमय नाही. रहीमसाहेब फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-०ने जिंकला. दुसऱ्या सामन्यात थायलंडला ४-१ हरवले, पण जर्नेल सिंग या बचावपटूचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. जर्नेल म्हणजे फाळणीत घर सोडून आलेला पंजाबी जवान, तेव्हाचा आशियातला सर्वोत्तम बचावपटू मानला गेलेला. जपानला २-० हरवल्यावर उपांत्य फेरी आली आणि मास्तरांनी एक डाव टाकला. टाके घातलेला जर्नेल बचावात नको, कारण तिथे डोक्याने चेंडू सतत अडवावा लागतो. त्याला त्यांनी पुढे आघाडीवर पाठवले. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३-२ जिंकला आणि तीनपैकी एक गोल जर्नेलचा होता.

मैदानाबाहेर वातावरण तापलेले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश दिला नव्हता. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला उघड विरोध केला आणि जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना होता, पुन्हा दक्षिण कोरियाशी. मैदानात लाखाच्या आसपास प्रेक्षक, आणि आपले राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा आरडाओरडा. पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंनी मात्र भारताच्या बाजूने आवाज दिला, असे आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितले. आदल्या रात्री रहीमसाहेबांनी मुलांकडे एकच मागणे मागितले होते: उद्याचे सुवर्णपदक.

१७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल. २०व्या मिनिटाला जर्नेलचा, डोक्यावर टाके असलेल्या त्याच जर्नेलचा. तापातून उठून आलेला पीटर थंगराज गोलपाशी उभा होता. कोरियाने ८५व्या मिनिटाला एक गोल फेडला, पण तोवर उशीर झाला होता. २-१. कर्णधार चुनी गोस्वामी. पहिल्या सामन्यात ज्यांनी हरवले त्यांनाच अंतिम सामन्यात हरवून मिळालेले सोने.

त्या संघातही मुंबईचा वाटा होता आणि तो फारसा आठवला जात नाही, कारण मुंबईचे दोघेही गोल करणाऱ्या फळीतले नव्हते. ओ. चंद्रशेखर हे मूळचे केरळातल्या इरिंजालकुडाचे, पण मुंबईच्या कॅल्टेक्सकडून खेळणारे. फोर्तुनातो फ्रांको हे गोव्यातल्या कोलवाळचे, मुंबईत पश्चिम रेल्वे आणि टाटांकडून खेळणारे. १९६३-६४चा संतोष करंडक महाराष्ट्राने जिंकला तो याच पिढीच्या बळावर. फ्रांको, चंद्रशेखर आणि बाबू नारायण, मुंबई फुटबॉलचे हे तिघेही ऑलिंपियन २०२१ या एकाच वर्षी गेले. नारायण ठाण्यात राहत होते. वर्तमानपत्रांत छोट्या बातम्या आल्या. नेव्हिल तर १९८०मध्येच गेला, अठ्ठेचाळीसही पुरे झाले नव्हते. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणाऱ्या या माणसाचे नाव आपल्या किती शाळकरी मुलांना सांगता येईल? मला याचे मनापासून वाईट वाटते.

रहीमसाहेब ११ जून १९६३ रोजी वारले. १९६४च्या आशियाई चषकात भारत इस्रायलच्या मागे उपविजेता ठरला. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवले, इस्रायलकडून ०-२ हार झाली. आशियाई चषकातली भारताची सर्वोत्तम कामगिरी तीच. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जपानला १-० हरवून कांस्यपदक. त्या संघाचा कर्णधार सय्यद नईमुद्दीनही हैदराबादचाच, आणि प्रशिक्षकांपैकी एक होते रहीमसाहेबांचे शिष्य पी. के. बॅनर्जी. आशियाई क्रीडास्पर्धेतले भारताचे शेवटचे फुटबॉल पदक ते हेच.

आपण मागे का पडलो, याचे उत्तर जपानकडे बघितले की सापडते. १९६२मध्ये आपण ज्यांना २-०ने हरवले त्या जपानने जर्मनीहून डेटमार क्रामर हा प्रशिक्षक आणला, १९६५मध्ये कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय लीग सुरू केली आणि १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतले. म्हणजे पगार देणाऱ्या कंपन्या त्यांच्याकडेही होत्या आणि आपल्याकडेही होत्या. त्यांनी त्या एका माळेत गुंफल्या, आपल्याकडे त्या शहरापुरत्या राहिल्या. राष्ट्रीय लीग सुरू व्हायला आपल्याला १९९६ साल उजाडावे लागले. कोलकात्याच्या लीगमध्ये सामने ७० मिनिटांचे चालत, आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा. शेवटच्या वीस मिनिटांत दम का लागतो, हे वेगळे सांगायला नको. रहीमसाहेबांच्या पायवाटेवरून चालणारा दुसरा मास्तर शोधण्याची व्यवस्थाही उभी राहिली नाही.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगून पुरतो. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा भारताने १९९३ ते २०२३ या काळात नऊ वेळा जिंकली. १९९६च्या फेब्रुवारीत फिफाच्या क्रमवारीत ९४वे स्थान मिळाले, त्याहून वर आपण कधी गेलो नाही. नेहरू चषक २००७, २००९ आणि २०१२मध्ये. २००८च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवताना सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि त्या विजयाने २०११च्या आशियाई चषकाचे दार सत्तावीस वर्षांनी उघडले. मुंबईचा स्टीव्हन डायस त्याच पिढीतला. छेत्रीच्या नावावर देशासाठी ९५ गोल आहेत. सक्रिय खेळाडूंच्या जागतिक यादीत तो बरीच वर्षे रोनाल्डो आणि मेस्सी यांच्या पाठोपाठ होता, आणि हे अतिशयोक्तीने म्हणत नाही, यादीच तशी होती.

महाराष्ट्रात आज फुटबॉल जिवंत पाहायचा तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या लढती शाहू स्टेडियममध्ये रंगतात आणि अख्खी पेठ मैदानाकडे लोटते. तिथला रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत शिकला आणि २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्या मागे पेठ होती, शासनाची प्रबोधिनी होती. गावात तालीम आणि वर आधार देणारी संस्था असली की वाट कशी निघते, याचे हे आजचे उदाहरण. बीड जिल्ह्यात गुणी मुले नाहीत असे कोण म्हणेल? ऊसतोडीच्या हंगामात शाळा सोडून फडात जाणाऱ्या पोरांच्या पायांत कमी जोर नसतो. त्यांना सहा महिने एका जागी राहता येईल आणि संध्याकाळी कुणीतरी मैदानावर वाट पाहत असेल, अशी सोय मात्र अजून झालेली नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ते महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले, म्हणजे नेव्हिलला पोसणाऱ्या मुंबईच्या कंपनी-फुटबॉलचे शेवटच्या फळीतले वारसदार. बरीच वर्षे परदेशी प्रशिक्षक राहिल्यानंतर भारतीय माणसाकडे हे काम आले. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत त्यांच्या संघाने ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान मिळवले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने १-२ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद झाला.

त्याच वर्षी जुलैमध्ये महिलांनी वेगळे केले. महिला संघ १९८० आणि १९८३मध्ये आशियाई चषकात उपविजेता होता, पुढे पाच वेळा दक्षिण आशियाई विजेता. २०२२चा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात होता, पण करोनाने संघातल्या इतक्या जणी आजारी पडल्या की घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावे लागले. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईत त्यांनी थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयाने त्यांना २०२६च्या आशियाई चषकाचे तिकीट मिळाले आणि तेही पात्रता फेरी खेळून, मैदानावर कमावून. स्पर्धा होती ऑस्ट्रेलियात.